मुलाखतीच्या लॅपटॉपवर वॉलेट नको

२३ मार्च २०२२ रोजी रोनिन नावाच्या ब्लॉकचेनवरून (डिजिटल नाण्यांच्या व्यवहारांची सामायिक वही) १,७३,६०० इथर आणि अडीच कोटींहून जास्त यूएसडीसी ही डिजिटल नाणी चोरीला गेली. ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ हा गेम या ब्लॉकचेनवर चालायचा आणि तो बनवणारी स्काय मेव्हिस ही कंपनी व्हिएतनामची. चोरी झाल्याचं कंपनीला कळलं ते सहा दिवसांनी, तेही एका वापरकर्त्याने ‘माझे पाच हजार इथर निघत नाहीत’ अशी तक्रार केली म्हणून. चोरी जाहीर झाली त्या दिवसाच्या भावाने रक्कम साठ कोटी डॉलरच्या वर होती. एप्रिलमध्ये एफबीआयने उत्तर कोरियाच्या लाझारस या हॅकर गटाचं नाव घेतलं.

चोर आत कसे शिरले, हे जुलैमध्ये बातम्यांतून बाहेर आलं. कंपनीतल्या एका वरिष्ठ इंजिनिअरला लिंक्डइनवरून नोकरीबद्दल विचारणा झाली. मुलाखतीच्या फेऱ्या झाल्या, भरघोस पॅकेज ठरलं आणि ऑफर लेटरची पीडीएफ आली. ती फाइल उघडली गेली तिथेच काम झालं. ऑफर देणारी कंपनी अस्तित्वातच नव्हती. रोनिनवर व्यवहार मंजूर व्हायला नऊपैकी पाच सह्या लागत. चार सह्या स्काय मेव्हिसच्याच यंत्रणेतून मिळाल्या. पाचवी मिळाली एका जुन्या परवानगीमुळे: नोव्हेंबर २०२१ मध्ये ती तात्पुरती दिली होती, डिसेंबरमध्ये तिची गरज संपली, पण काढून घ्यायची राहून गेली.

अशा बातमीनंतर ठरावीक सल्ले मिळतात. मेलमधलं स्पेलिंग तपासा, पगार अवास्तव वाटला तर सावध व्हा, रिक्रूटरची प्रोफाइल नीट बघा. चुकीचं त्यात काही नाही, पण त्यांवर भिस्त ठेवू नये असं माझं मत आहे. ब्लॉकचेनवर काम करणारा वरिष्ठ इंजिनिअर कित्येक फेऱ्यांनंतरही फसतो, तर नोटीस पिरियड संपत आलेला, ईएमआयची तारीख डोक्यावर असलेला माणूस खोटा रिक्रूटर ओळखेलच असं कोणत्या भरवशावर म्हणायचं? आपण केव्हातरी फसणार असं धरूनच चाललं पाहिजे, आणि फसलो तरी चोराच्या हाती काही लागू नये अशी मांडणी आधीच करून ठेवली पाहिजे. त्यासाठी चोराला नेमकं काय हवं असतं ते समजून घेऊ.

चोराला काय हवं असतं

तुमचं बिटकॉइन किंवा इथर तुमच्या लॅपटॉपमध्ये नसतं. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर असते. तुमच्याकडे असते ती त्या पत्त्यावरून खर्च करण्याची किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या, लक्षात ठेवायला अशक्य. म्हणून वॉलेट, म्हणजे या किल्ल्या सांभाळणारं ॲप, तुम्हाला १२ किंवा २४ इंग्रजी शब्द देतं. २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात आणि त्यांनाच सीड फ्रेज म्हणतात. त्या शब्दांवरून तुमच्या सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार करता येतात. तुम्हालाही आणि ज्याच्या हाती ते शब्द पडतील त्यालाही.

आता मेटामास्कसारखं ब्राउझरमधलं वॉलेट घ्या. त्याला तुम्ही जो पासवर्ड देता तो फक्त त्या संगणकापुरता असतो. सीड फ्रेज कुलूपबंद करून ब्राउझरच्या एका फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि पासवर्ड ते कुलूप उघडतो. संगणकात शिरलेला व्हायरस आधी ते फोल्डर जसंच्या तसं उचलतो आणि मग तुम्ही पासवर्ड टाइप कराल तेव्हा कळा टिपून घेतो. यानंतर तुम्ही पासवर्ड बदला, एक्स्टेन्शन काढून पुन्हा टाका, त्याच सीडवर नवीन अकाउंट बनवा, काहीही केलं तरी फरक पडत नाही. शब्द गेले की गेले. बँकेच्या व्यवहारात निदान तक्रार करायला शाखा असते, खातं गोठवता येतं. इथे व्यवहार उलटा फिरवणारं कोणी नसतं.

एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, नाणी ठेवली असतील तर चोर सेशन कुकीच्या मागे लागतो. लॉगिन झाल्यावर ब्राउझरकडे एक ओळखचिठ्ठी राहते, त्यामुळे दर पानावर पासवर्ड मागितला जात नाही. तीच चोरली की पासवर्ड लागत नाही आणि पुष्कळदा ओटीपीसुद्धा लागत नाही, कारण वेबसाइटच्या लेखी लॉगिन आधीच झालेलं असतं.

मुलाखतीत घात कुठे होतो

या फसवणुकीची खुबी ही की घात होतो ती पायरी खऱ्या मुलाखतीतही असतेच. अनोळखी माणसाने मेलवर प्रोग्रॅम पाठवला तर आपण तो चालवणार नाही. ‘कोडिंग टेस्ट’ म्हणून पाठवला तर मन लावून चालवतो, वर तो नीट चालावा म्हणून खटपटही करतो.

डेव्हलपर मंडळींसाठीचा सापळा बहुधा गिटहबवरून, म्हणजे कोड ठेवायच्या आणि वाटायच्या साइटवरून, येतो. अर्धवट प्रोजेक्ट द्यायचा आणि सांगायचं, ‘हा चालवून बघा, यातला बग शोधा.’ जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली की सोबतच्या पॅकेजमधल्या स्क्रिप्ट आपोआप चालू शकतात. तुम्ही कोडची एक ओळही वाचायच्या आत काम झालेलं असतं. कधी घातक कोड एखाद्या साध्या ओळीच्या पुढे शेकडो रिकाम्या जागा सोडून लिहिलेला असतो, म्हणजे उजवीकडे स्क्रोल केल्याशिवाय दिसायला नको. पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये या मोहिमेला ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ असं नाव दिलं. तिच्यातला ‘बीव्हरटेल’ हा व्हायरस ब्राउझरमधली वॉलेट आणि साठवलेले पासवर्ड उचलतो. मागोमाग ‘इनव्हिजिबल फेरेट’ येतो, तो कळा टिपतो आणि संगणकाचा ताबाही देतो.

जपानमधलं डीएमएम बिटकॉइनचं प्रकरण या प्रकाराचा सर्वांत बोलका नमुना आहे. ही एक्स्चेंज होती. तिच्यासाठी वॉलेटचं सॉफ्टवेअर पुरवणारी गिन्को नावाची कंपनी होती. मार्च २०२४ च्या अखेरीस गिन्कोच्या एका कर्मचाऱ्याला लिंक्डइनवर ‘रिक्रूटर’ भेटला. त्याने गिटहबवरच्या पायथन कोडची लिंक भरतीपूर्व चाचणी म्हणून दिली आणि कर्मचाऱ्याने तो कोड स्वतःच्या गिटहब पानावर उतरवून घेतला. मेच्या मध्यानंतर चोरांनी त्याच्या सेशन कुकीच्या जोरावर कंपनीच्या अंतर्गत संदेशयंत्रणेत प्रवेश मिळवला. महिनाअखेरीस डीएमएमच्या एका कर्मचाऱ्याने पाठवलेली खरीखुरी व्यवहाराची विनंती मध्येच बदलली आणि ४,५०२.९ बिटकॉइन गेले. किंमत तीस कोटी डॉलरच्या पुढे. एफबीआय आणि जपानच्या पोलिसांनी डिसेंबरमध्ये हा सगळा क्रम जाहीर केला. डीएमएम बिटकॉइनने पुढे गाशा गुंडाळला.

दुसरा प्रकार कॅमेऱ्याचा. मुलाखतीची वेबसाइट उघडते, दोनचार प्रश्नांची उत्तरं तुम्ही लिहिता आणि मग व्हिडिओ रेकॉर्ड करायची वेळ येते. स्क्रीनवर येतं: कॅमेरा चालत नाही, ड्रायव्हर अपडेट करा, ही ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये टाका. टर्मिनल म्हणजे संगणकाला थेट आज्ञा देण्याची खिडकी, आणि ती ओळ म्हणजेच व्हायरस उतरवून घेण्याची आज्ञा. कॅमेरा बिघडलेला नसतोच. वर घड्याळ उलटं चालू असल्यामुळे विचार करायला उसंत मिळत नाही. सिस्कोच्या टॅलोस गटाने जून २०२५ मध्ये अशाच एका मोहिमेचा अहवाल दिला. क्रिप्टो कंपन्यांच्या नावाने काढलेल्या बनावट भरतीच्या साइट, त्यांवर कौशल्य चाचणी आणि शेवटी हीच कॅमेऱ्याची युक्ती. त्यात सापडलेले लोक मोजके होते, पण बहुतांश भारतातले. हिंजवडी आणि बेंगळुरूत ब्लॉकचेनवर काम करणारी मुलं किती आहेत हे पाहिलं की याचं आश्चर्य वाटत नाही.

तिसरा प्रकार कोडिंग न येणाऱ्यांनाही लागू आहे. मुलाखतीसाठी ‘आमचंच मीटिंग ॲप’ डाउनलोड करायला सांगतात. २०२५ च्या सुरुवातीला ‘चेनसीकर’ नावाच्या बनावट कंपनीने लिंक्डइन आणि भरतीच्या इतर साइटवर जाहिराती दिल्या, उमेदवारांना टेलिग्रामवर बोलावलं आणि ‘ग्रासकॉल’ हे ॲप घ्यायला लावलं. ॲप विंडोजवर एक व्हायरस टाकायचं, मॅकवर दुसरा. शेकडो लोक यात सापडले. ‘मॅकला व्हायरस येत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो, त्याला हे जरूर कळवा.

नोकरीच खोटी, ‘टास्क’ मात्र रोजचं

आपल्याकडे व्हॉट्सॲपवर येणारा प्रकार याहून साधा आहे आणि त्यात व्हायरस लागतच नाही. घरबसल्या काम, व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या. पहिल्या दिवशी दीडदोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. मग टेलिग्राम ग्रुप, तिथे इतरांच्या कमाईचे स्क्रीनशॉट, आणि एक वेबसाइट जिच्यावर तुमची ‘शिल्लक’ यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या डिजिटल नाण्यात, वाढताना दिसते. पुढच्या टास्कसाठी आधी पैसे भरावे लागतात. शिल्लक उणे झाली, ती भरून काढा. पैसे काढायचे तर कर भरा. स्क्रीनवरचा आकडा हा निव्वळ आकडा असतो, त्यामागे एकही नाणं नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा टास्क आणि गुंतवणुकीच्या नावाखाली फसवणाऱ्या शंभरहून जास्त वेबसाइट बंद केल्या. पण नवी वेबसाइट उभी करायला फार वेळ लागत नाही. हा प्रकार ओळखायला एकच कसोटी पुरे: कामाचे पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे मागितले की ती नोकरी नाही.

याचीच एक वाईट बहीण आहे. ‘पेमेंट प्रोसेसिंग असिस्टंट’ अशा गोंडस नावाच्या कामात तुमच्या बँक खात्यात पैसे येतात, त्यांचे पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाकडून, यूएसडीटी घ्यायचे आणि दिलेल्या पत्त्यावर पाठवायचे, कमिशन तुमचं. ते पैसे आधी फसलेल्या कोणाचे तरी असतात. तक्रार होते, दुसऱ्या राज्यातले पोलीस तुमचं खातं गोठवतात, आणि क्रिप्टो पुढे निघून गेलेलं असल्यामुळे कागदोपत्री चोर तुम्हीच दिसता.

जोडधंद्याचं काम आणि कंपनीचा लॅपटॉप एकत्र आले की काय होऊ शकतं, याचं देशी उदाहरण जुलै २०२५ चं आहे. कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ग्राहकांची नाणी वेगळी होती, तोटा आम्ही आमच्या तिजोरीतून भरून काढू, असं कंपनीने सांगितलं. बेंगळुरू पोलिसांनी एका कर्मचाऱ्याला अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरची अर्धवेळ कामं करत होता आणि त्याच लॅपटॉपमधून चोरांना वाट मिळाली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवेल.

मांडणी कशी बदलायची

ज्या यंत्रावर अनोळखी माणसाची फाइल उघडणार, त्या यंत्रावर सीड फ्रेज, वॉलेट किंवा एक्स्चेंजचं लॉगिन असता कामा नये. हे पाळलं तर बाकीचं थोडंफार चुकलेलं खपतं.

इथे लोक पळवाटा काढतात, म्हणून जरा खोलात जातो. ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल बनवणं पुरेसं नाही, कारण व्हायरस ब्राउझरच्या आत राहत नाही. तो संगणकावर तुमच्या नावाने फिरतो आणि सगळ्या प्रोफाइलची फोल्डर त्याला सारखीच वाचता येतात. त्याच संगणकावर वेगळा युजर बनवणं त्यापेक्षा बरं, पण घातक फाइलला तुम्हीच ॲडमिनचा पासवर्ड दिलात तर ती भिंतही पडते. खरा उपाय म्हणजे घरात पडून असलेला जुना लॅपटॉप फॉरमॅट करून फक्त मुलाखतींसाठी ठेवणं. तो नसेल तर कोड चालवण्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारी क्लाउडवरची यंत्रणा वापरा, तीही नवीन कोऱ्या अकाउंटने. व्हिडिओ कॉल फोनवरून घ्या, नेहमीच्या मीट किंवा झूमवर.

काही प्रामाणिक छोट्या कंपन्याही गिटहबवरून टेस्ट पाठवतात, त्यामुळे टेस्ट आली म्हणजे चोरच असं म्हणता येत नाही. सरळ सांगा की मी हे ऑनलाइन एडिटरमध्ये सोडवतो. प्रामाणिक कंपनीला याचं काही वाटत नाही. ‘नाही, तुमच्याच मशीनवर चालवा, स्क्रीन शेअर करा’ असा आग्रह झाला तर तुम्हाला उत्तर मिळालं. रिक्रूटरची खातरजमा करायची तर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून संपर्क शोधा, त्याने पाठवलेल्या लिंकवरून नाही.

आता नाणी कुठे ठेवायची. महिन्याभरात हात लावायचा नाही एवढी रक्कम असेल तर हार्डवेअर वॉलेट घ्या. त्यात किल्ली त्या छोट्या उपकरणाच्या बाहेर कधी येत नाही, सही आतच होते. पण ते घेऊनही माणसं दोन चुका करतात. एक म्हणजे सीड फ्रेजचा फोटो काढून ठेवणं. कॅस्परस्कीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘स्पार्ककॅट’ नावाचा व्हायरस उघड केला, तो फोनच्या गॅलरीतल्या फोटोंतला मजकूर वाचून सीड फ्रेज शोधायचा, आणि तो असलेली ॲप चक्क गूगल प्ले आणि ॲपलच्या स्टोअरवर होती. शब्द कागदावर लिहा, कागद कपाटात ठेवा. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवलेला मेसेज म्हणजे कपाट नव्हे. दुसरी चूक, उपकरणाच्या स्क्रीनवर काय आलंय ते न वाचता बटण दाबणं. ती कोऱ्या कागदावर केलेली सही असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले तेव्हा सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती. संगणकावरचं पान चोरांनी बदललं होतं, त्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता आणि सह्या झाल्या भलत्याच व्यवहारावर.

एक्स्चेंजवर ठेवणाऱ्यांनी विथड्रॉवलची व्हाइटलिस्ट चालू करावी. मग नाणी आधी नोंदवलेल्या पत्त्यांवरच जाऊ शकतात, आणि नवा पत्ता जोडला की बऱ्याच एक्स्चेंज काही तास किंवा एक दिवस थांबवतात. कुकी चोरलेल्या माणसाला हा एक दिवस फार जड जातो.

फाइल चालवून बसलात तर

पहिलं काम म्हणजे इंटरनेट बंद करणं, वायफाय आणि केबल दोन्ही. त्यानंतर त्या लॅपटॉपवर काहीही टाइप करू नका. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर, फोन चालेल, नवीन वॉलेट आणि नवीन सीड बनवा. जुन्यातली नाणी तिकडे हलवा, सर्वांत जास्त किमतीची आधी. चोरांचे प्रोग्रॅम आपोआप काम करतात, तेव्हा ‘उद्या सकाळी बघू’ असं म्हणू नका. हार्डवेअर वॉलेटची सीड त्या लॅपटॉपवर कधीच टाइप केली नसेल तर तिला धक्का लागलेला नसतो. मग एक्स्चेंज, मेल, गिटहब या सगळ्यांतून ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करा, पासवर्ड त्यानंतर बदला. क्रम उलटा झाला तर काही ठिकाणी जुनी कुकी चालूच राहते.

‘परवानग्या रिव्होक करा’, म्हणजे साइटना दिलेली नाणी हलवायची मुभा काढून घ्या, असा सल्लाही मिळेल. तुम्ही एखाद्या साइटला वॉलेट जोडून फक्त एक सही केली असेल तर तो योग्य आहे, ताबडतोब करा. पण कोड किंवा ॲप चालवलं असेल तर चोराकडे किल्लीच आहे असं समजा, त्याला तुमच्या परवानगीची गरज उरलेली नाही. तिथे रिव्होक करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

रिक्रूटरची प्रोफाइल, गप्पा, गिटहबची लिंक यांचे फोटो फोनने काढून ठेवा, कारण ते लोक सगळं पुसून टाकतात. १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, व्यवहाराच्या हॅशसकट, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या त्याच्या ओळख क्रमांकासकट. यूएसडीटी गेलं असेल तर ते काढणारी टेथर कंपनी एखाद्या पत्त्यावरची नाणी गोठवू शकते. चोरीचा माल एखाद्या एक्स्चेंजवर आला तर तीही अडवू शकते. बिटकॉइन तसं गोठवता येत नाही. आणि तक्रारीची कुठे वाच्यता केलीत की ‘तुमची नाणी परत मिळवून देतो, फी आधी’ असे मेसेज सुरू होतात. ते पाठवणारेही चोरच.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर एक अवघड काम उरतं. आपण दुसरीकडे मुलाखत देत होतो, तीही ऑफिसच्या मशीनवर, हे आयटी विभागाला सांगायचं. बहुतेक जण गप्प बसतात आणि चोरांनाही तेच हवं असतं. गिन्कोच्या प्रकरणात टेस्टची लिंक आली मार्चअखेर आणि बिटकॉइन गेले मेअखेर, म्हणजे मध्ये दोन महिने होते. कर्मचाऱ्याची सगळी सेशन रद्द करणं हे आयटीचं काही मिनिटांचं काम असतं. तेव्हा मॅनेजरशी काय बोलायचं ते नंतर ठरवा, पण आयटीला त्याच दिवशी लेखी कळवा. मेल मात्र त्या लॅपटॉपवरून पाठवू नका.